मधुमेह, मज्जातंतू आणि आनुवंशिकता

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेह होता, हे आपण जाणतो. १९४८ साली संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे आला, त्या काळात ते पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी आणि निद्रानाशाने त्रस्त होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या, दोहोंना इजा पोहोचते. सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून मुंग्या, जळजळ व बधिरता यांचा आरंभ बहुधा तळपायांपासून होतो. परंतु साखर सारखीच असूनही एकाचे पाय रात्रभर जळतात आणि दुसऱ्यास काहीच जाणवत नाही, असे का व्हावे?

या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग जनुकांत आहे. जनुके ज्या डीएनएची बनलेली असतात, त्याची रचना १९५३ साली उलगडली. मज्जातंतूंतून संदेश वाहतो तो सोडियमच्या सूक्ष्म मार्गिकांमुळे. या मार्गिका घडविणारी अनेक जनुके आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर जवळजवळ वसलेली आहेत. त्यांपैकी 'एससीएन-नऊ-ए' या जनुकातील काही दुर्मीळ बदल वेदनादायक प्रकाराशी निगडित आढळले आहेत. याउलट, 'एससीएन-दोन-ए' जनुकाजवळचा एक बदल असलेल्या टाइप दोन मधुमेहींत मज्जातंतूंची इजा तुलनेने कमी दिसली. तथापि यांपैकी कोणतेही जनुक एकट्याने रुग्णाचे भवितव्य ठरवीत नाही.

'वडिलांना होते, म्हणून मलाही होणारच' ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. अमेरिका व कॅनडातील टाइप एक मधुमेहींच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतूंची इजा सुमारे ६० टक्क्यांनी घटली. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या टाइप दोन मधुमेहात हा लाभ कमी असतो. तेथे वजन, रक्तदाब आणि तंबाखू यांकडेही लक्ष द्यावे लागते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि तेही मज्जातंतूंना बाधते. म्हणून त्याची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची अनेक कुटुंबे राहतात. दिवसभर पायांवर उभे राहून कष्ट करणाऱ्या मधुमेहीच्या बधिर तळव्यात खिळा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. अशी इजा झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना आरंभी कोणतेच लक्षण जाणवत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा पायांच्या संवेदनेची तपासणी आवश्यक ठरते. नायलॉनचा बारीक तंतू आणि कंपन करणारा चिमटा यांनी ती काही मिनिटांत, वेदनेविना होते.

माजी विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-वडिलांचे तळपाय एकदा उजेडात नीट पाहा.