‘रिगोलेत्तो’ : मनाईहुकुमातून तरलेला ऑपेरा

ज्या नाटकात राजा विलासी व निर्दय, आणि त्याचा कुबडा विदूषक मात्र पोटच्या मुलीवर जीव टाकणारा बाप म्हणून उभा केला आहे, ते नाटक राजसत्तेला रुचणे कठीणच होते. व्हिक्टर ह्यूगोचे ‘ल रवा सामुझ’ पॅरिसमध्ये २२ नोव्हेंबर १८३२ रोजी रंगभूमीवर आले आणि एकाच प्रयोगानंतर सरकारी हुकुमाने बंद पडले.

पुढे व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहासाठी नवा ऑपेरा रचण्याचा करार ज्युझेप्पे व्हेर्दीने केला, तेव्हा त्याने नेमके हेच कथानक उचलले. व्हेनिसवर त्या काळी ऑस्ट्रियाचा अंमल होता, १८४८ चा उठाव ताजा होता, आणि १८५० च्या अखेरीस लष्करी गव्हर्नराने संहितेस सपशेल मनाई केली. संहिताकार पिआव्हे याने अधिकाऱ्यांना रुचेल असा दुसरा मसुदा केला, परंतु त्यात विदूषकाचे कुबड नव्हते, आणि ज्यात मुलीचा देह बांधलेला असतो ते पोतेही नव्हते. व्हेर्दीने तो साफ नाकारला. बाह्यतः विद्रूप व हास्यास्पद, पण अंतर्यामी प्रेमाने ओथंबलेला मनुष्य रंगविण्याच्या ओढीनेच आपण हा विषय घेतला, असे त्याने नाट्यगृहाच्या अध्यक्षाला कळविले. अखेर फ्रान्सच्या राजाचा मान्तुआचा ड्यूक झाला, नावे बदलली, कुबड मात्र राहिले, आणि ११ मार्च १८५१ रोजी ‘रिगोलेत्तो’चा पहिला प्रयोग झाला. ही तडजोड मला व्हेर्दीचा विजयच वाटते. पदव्या आणि गावे देऊन त्याने तो मनुष्य राखला.

संगीताने या कथेला काय दिले, ते तिसऱ्या अंकातील चौघांच्या गायनात दिसते. नदीकाठच्या खाणावळीत ड्यूक तेथल्या माद्दालेना या तरुणीची मनधरणी करीत आहे, ती हसत त्याला झुलवीत आहे, आणि बाहेर अंधारात भिंतीच्या फटीतून ते पाहणाऱ्या, ड्यूकवर प्रेम करणाऱ्या जिल्दाचे हृदय विदीर्ण होत असताना तिचा बाप, विदूषक रिगोलेत्तो, सूडाची प्रतिज्ञा करीत आहे. गद्यात वा पद्यात ही माणसे एकामागून एक बोलणार. येथे चारही भाव एकाच क्षणी उमटतात, आणि तरीही प्रत्येक वेगळा ओळखू येतो.

ड्यूकचे स्त्रीच्या चंचलतेविषयीचे लोकप्रिय गाणे सुटे ऐकले तर उथळ वाटते. त्याचे मर्म शेवटी कळते. शत्रूचे प्रेत समजून पोते नदीत लोटू पाहणाऱ्या रिगोलेत्तोच्या कानी तीच चाल दुरून येते, आणि ड्यूक जिवंत आहे हे त्याला कोणी न सांगता कळते. ही योजना मूळ ह्यूगोची. पण व्हेर्दीने चाल अशी बांधली की ती पहिल्या श्रवणातच स्मरणात रुतावी, कारण शेवटी ती ओळखायला प्रेक्षकाला क्षणाचाही विलंब लागला असता, तर सारा प्रसंगच फसला असता.