मांडणे

‘मांडणे’ हा शब्द आपण रोज बोलतो. पंगतीला पाट मांडतो. आठवडी बाजारात दुकान मांडतो. आता तुम्ही लिहायला-वाचायला शिकला आहात. तेव्हा हा शब्द नीट ओळखून घेऊ या.

‘ठेवणे’ आणि ‘मांडणे’ यांत फरक आहे. वांग्यांची टोपली दारात आणून टेकवली, म्हणजे वांगी ठेवली. तीच वांगी बाजारात पोत्यावर पसरून मोठी एकीकडे आणि लहान एकीकडे लावली, म्हणजे ती मांडली. गिऱ्हाइकाला एका नजरेत सारे दिसते. वस्तू जागच्या जागी, क्रमाने आणि दुसऱ्याला दिसेल अशी लावणे, याला मांडणे म्हणतात.

जवळचे शब्दही पाहा. बांधीत आपण पऱ्हे ‘रोवतो’. धानाचे भारे एकावर एक चढवून पुंजणे ‘रचतो’. घरातला पसारा ‘आवरतो’. पण पोरांनी घरभर पसारा ‘मांडला’, असेही म्हणतोच की! सासूने छळ ‘मांडला’, असेही म्हणतात. अशा रागाच्या बोलण्यात क्रम नसतो. तिथे ‘मांडला’ म्हणजे सुरू केला आणि चालवला.

आपल्या आंधळगावात कोशाचे कापड विणतात. ऐन आणि अर्जुन या झाडांवर किडे वाढतात. त्यांचे कोसे उकळून धागा काढतात. मागावर उभा ताणा असतो आणि आडवा बाणा असतो. ताण्याचे धागे ओळीने फणीतून ओवावे लागतात. एक धागा भलत्या घरात गेला, तर तो दोष कापडभर दिसत जातो. म्हणून विणकर आधी धाग्यांची मांडणी तपासतो, मग विणायला बसतो. ‘मांडणे’ या क्रियेवरूनच ‘मांडणी’ हा शब्द झाला आहे.

हिशेबाचेही असेच आहे. समजा, तुम्ही ३ साड्या विणल्या. एका साडीची मजुरी १२०० रुपये ठरली. मधून दोनदा उचल घेतली. तर वहीत असे मांडा :

मजुरी, ३ साड्या : ३६०० रुपये
उचल, ५ तारीख : १००० रुपये
उचल, १८ तारीख : ५०० रुपये
एकूण उचल : १५०० रुपये
येणे बाकी : २१०० रुपये

तोंडी हिशेबात कोणी म्हणाले, “तू आणखी पाचशे नेले होतेस,” तर आपण गोंधळतो, आणि घामाचे पैसे जातात. वहीत तारीख असते, आकडा असतो. वही पुढे करून विचारता येते, “कोणत्या तारखेला नेले, सांगा बरे?”

गाऱ्हाणेही मांडायचेच असते. ग्रामसभेत नुसता आरडाओरडा केला, तर ऐकणाऱ्याला काही उमजत नाही. काय झाले, कधी झाले आणि आपल्याला काय हवे, या तीन गोष्टी याच क्रमाने सांगाव्या. मोहाडीच्या तहसील कचेरीत अर्ज द्यायचा असला, तरी हीच रीत ठेवावी. अर्जाची एक नक्कल आपल्यापाशी ठेवावी.

अभ्यास
१. मागच्या आठवड्याचा घरखर्च वहीत तारीखवार मांडा.
२. ‘मांडणे’, ‘रचणे’ आणि ‘आवरणे’ हे शब्द घेऊन एकेक वाक्य लिहा.
३. तुमच्या वस्तीची एक अडचण तीन ओळींत मांडा. शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याला एकदाच ऐकून समजली, तर मांडणी बरोबर झाली.