खाऱ्या वाऱ्यातली कॅरव्हॅन

मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे, आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरचे घर, म्हणजेच ओढती कॅरव्हॅन किंवा कॅम्पर ट्रेलर, महाराष्ट्रात अजून नवलाईचे असले तरी कागदोपत्री त्याची दखल घेतली गेली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये आणलेल्या कॅरव्हॅन पर्यटन धोरणात एका आसाची व दोन आसांची कॅरव्हॅन, टेन्ट ट्रेलर, घडीची कॅरव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर अशा प्रकारांचा समावेश आहे. इंग्लंडमध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी केवळ भटकंतीसाठी बांधून घेतली, तेव्हापासून या हौसेचा इतिहास मोजला जातो. चाकावरचा संसार महाराष्ट्राला मात्र त्याही आधीपासून ठाऊक आहे, कारण गावोगाव फिरून लोहारकाम करणारे घिसाडी तो थाटत आले आणि ऊसतोडीला निघालेली कुटुंबे तो आजही थाटतात. फरक एवढाच की तो गरजेचा संसार आहे, हौसेचा नव्हे.

वसई-विरारसारख्या किनारी भागात अशा ट्रेलरचा विचार करताना एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते, ती ही की येथे तो धावून जितका झिजतो त्याहून अधिक उभा राहून खराब होतो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या किनाऱ्यांवरून येणारा खारा वारा, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २,००० मिलिमीटर पडणारा पाऊस आणि त्या काळात बहुधा एकाच जागी अडकून पडलेली चाके यांचा एकत्रित परिणाम लोखंड, रबर, लाकूड आणि विजेच्या जोडण्या या चारांवर एकाच वेळी होत असतो. दुसरी गोष्ट अशी की ओढत्या कॅरव्हॅनची दुरुस्ती करणारी स्वतंत्र गॅरेजे आसपास सहज सापडत नसली, तरी तिचे निरनिराळे भाग दुरुस्त करू शकणारे हात येथे पूर्वीपासून आहेत. वालीव, गोखिवरे आणि सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांतील फॅब्रिकेटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हब उघडणारे मेस्त्री, पाचूबंदर व अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत होड्यांना फायबरचे अस्तर चढवणारे कारागीर, तसेच नायगावच्या मालिकांच्या सेटवर उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनची वीज आणि पाणी सांभाळणारे वायरमन व प्लंबर यांच्यात हे ज्ञान विखुरलेले आहे. मालकाचे खरे कौशल्य म्हणजे कोणता बिघाड कोणाकडे न्यायचा हे ओळखणे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे की मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो, त्यामुळे स्वतःचे इंजिन नाही म्हणून त्याला नोंदणी नको, हा समज चुकीचा ठरतो. वसईच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच ४८ आणि तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्गही ४८, हा निव्वळ योगायोग. परंतु गाळ्यात बांधून घेतलेला ट्रेलर त्या महामार्गावर आणण्यापूर्वी त्या कार्यालयात विचारणा केलेली बरी, कारण बांधून झाल्यावर सांगाड्यात बदल करणे खर्चाचे पडते.

ट्रेलरच्या वर्तनातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे वजनाची वाटणी, आणि ती समजून घ्यायला बैलगाडीइतके चांगले उदाहरण नाही. मागे अधिक ओझे भरलेली गाडी उलाळ होते आणि तिची दांडी वर उचलली जाते, तर पुढे अधिक भरलेली गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार टाकते. कॅरव्हॅनच्या बाबतीत बैलांच्या मानेची जागा मोटारीच्या मागील हूकवरचा पोलादी गोळा घेतो. या गोळ्यावर एकूण वजनाचा किती हिस्सा यावा याबाबत प्रथा वेगवेगळ्या असून युरोपात तो साधारणपणे ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के धरला जातो. हा हिस्सा कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि शेवटी मोटारीलाही आपल्याबरोबर फरफटवतो. अशा वेळी वेग वाढवून गाडी सरळ करण्याचा किंवा करकचून ब्रेक दाबण्याचा मोह टाळून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि स्टिअरिंग शक्य तितके स्थिर धरावे. एकूण वजन महामार्गावरील कोणत्याही वजनकाट्यावर कळते. गोळ्यावरचा भार मात्र तेथे नीट मोजता येत नाही, कारण ट्रकसाठी असलेल्या काट्याला थोड्या किलोंचा फरक दिसत नाही. त्याऐवजी सपाट जागी चाकांना अडण लावून ट्रेलरच्या जोडदांड्याखाली गोळ्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरगुती वजनकाटा ठेवला म्हणजे काम भागते. पाण्याची टाकी मागे असेल तर ती भरलेली असताना आणि रिकामी असताना, अशी दोनदा मोजणी करावी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे भरताना सहज विसरले जाते.

जोडणीचा गोळा ५० मिलिमीटरचा आहे की दोन इंचांचा, हेही तपासून घ्यावे लागते. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण जोडदांड्याच्या टोकाच्या दोन इंची वाटीत ५० मिलिमीटरचा गोळा सैल बसतो आणि खड्ड्यात उडी बसल्यावर सुटू शकतो. म्हणून जोडणी झाल्यावर पुढच्या जॅकने दांडा थोडा वर उचलून मोटारीचा मागचा भाग त्याबरोबर उचलला जातो का, हे पाहण्याची पद्धत आहे. मुख्य जोडणी निखळली तरी दांडा रस्त्याला टेकू नये, यासाठी सुरक्षेच्या दोन साखळ्या त्याखाली एकमेकींना छेद देऊन लावतात.

चाकांच्या बाबतीत ओढत्या कॅरव्हॅनला मोटारीचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिचे टायर वर्षातून फार थोडे धावत असल्याने त्यांची नक्षी नव्यासारखी दिसते, पण ऊन आणि एकाच बिंदूवर पडलेला भार यांमुळे आतील रबर वाळून भेगाळते. टायरच्या कडेवरील चार आकड्यांतून त्याचा जन्मकाळ कळतो, जसे २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा; साधारणपणे पाच-सहा वर्षांनंतर नक्षीकडे न पाहता टायर बदलण्याचा सल्ला दिला जातो. हबमधील बेअरिंगचे दुखणे त्याहून छुपे असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावून हब तापलेला असताना ट्रेलर पाण्यात घातला तर आतील हवा एकदम आकुंचन पावते आणि ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ते पाणी खारे असेल तर ग्रीसचा दुधाळ चिखल होतो आणि रोलरवर गंजाचे ठिपके उमटतात. समुद्रकिनाऱ्यावर ट्रेलर वाळूत उतरवू नये यामागे रुतण्याच्या भीतीइतकेच हेही कारण आहे.

पुराचे पाणी हबपर्यंत चढले तरी तोच परिणाम होतो. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपारा येथे रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागरातील रहिवासी अडकून पडले, हे आठवणाऱ्यांना उभ्या ट्रेलरचा अर्धा हब बुडणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. अशा प्रसंगानंतर फक्त बाहेरून ग्रीस भरणे पुरेसे नसते. चाक उतरवून, स्प्लिट पिन व नट काढून बेअरिंग बाहेर घ्यावे लागते, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवावे लागते, रोलर बोटाने फिरवून खरखर लागते का पाहावे लागते आणि सील प्रत्येक वेळी नवे टाकावे लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे काम करणाऱ्या मेस्त्रीला यात नवे काही वाटत नाही. एरवीही वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हे काम करून घेणे योग्य.

काही ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतो. मोटार मंदावली की ट्रेलर आपल्याच वजनाने पुढे ढकलला जातो, त्या धक्क्याने जोडदांड्यातील सरकता दट्ट्या आत जातो आणि त्याला जोडलेल्या सळईने चाकांचे ब्रेक ओढले जातात. खाऱ्या हवेत हा दट्ट्याच जाम होतो, आणि मग ब्रेक एक तर लागतच नाहीत किंवा लागलेले सुटत नाहीत. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ट्रेलर उभा ठेवला तर ब्रेकचे लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटून बसते, म्हणून मुक्कामाला हँडब्रेक सोडून चाकांना अडण लावण्याची रीत आहे. सांगाड्यावर रंगापेक्षा गरम जस्ताचा मुलामा अधिक टिकतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवला असेल तर त्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात विद्युतरासायनिक क्रिया सुरू होऊन दुबळा धातू झिजतो. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घातला आणि किनाऱ्यावरून परतल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुतला, तर ही झीज बरीच आटोक्यात राहते.

तरीही कॅरव्हॅन निकामी होण्याचे मोठे कारण गंज नसून गळती आहे. छतावरील झडप, दिव्यांची छिद्रे, कडेच्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी येथून पाणी आत शिरते; ते जेथे शिरते तेथे दिसत नाही, तर आतील लाकडी चौकटीवरून ओघळत जाऊन भलतीकडेच डाग पाडते. त्यामुळे डागाच्या नेमके वर सिलिकॉन फासून प्रश्न सुटत नाही. शोध घ्यायचा तर एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपची मंद धार खालून वर, एकेका सांध्यावर काही मिनिटे धरत जावी. सुरुवात वरून केली तर ओघळणाऱ्या पाण्याने सगळेच सांधे भिजतात आणि दोषी सांधा ओळखता येत नाही. बाजारात स्वस्त मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन या कामाला टाळावे, कारण ते धातूला त्रास देते आणि त्यावर पुढे दुसरे कोणतेही सीलंट धरत नाही. जुने खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरणे हा टिकाऊ उपाय. बाहेरचा फायबरचा पत्रा आतील प्लायवूडपासून सुटून फुगला असेल, तर त्याकडे पाहायला होडीचे काम करणारा कारागीर हाच योग्य माणूस.

पावसाळी मुक्कामाची जागा हा येथला नाजूक प्रश्न आहे. विरार आणि नालासोपाऱ्याच्या इमारतींच्या आवारात एवढ्या लांबीच्या वाहनाला जागा मिळणे अवघड, तर पश्चिमेच्या गावांमधील वाड्यांत जागा असते पण वर झाडे असतात. माडाखाली ट्रेलर उभा करणाऱ्याला नारळाचा अंदाज घेता येत नाही, आणि चिंचेचा बारीक पाला छताच्या पन्हाळीत साचून पाणी तुंबते. ताडपत्री घट्ट गुंडाळण्यापेक्षा चार खांबांवर पत्र्याचे उंच छप्पर टाकून खालून वारा खेळता ठेवणे चांगले, कारण गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली दमट हवा कोंडून बुरशी धरते. कोरडी जागा शोधत उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. ट्रेलरच्या तळातील छिद्रे बारीक जाळीने बंद करावीत, मात्र गॅससाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे बुजवू नयेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने गळलेला गॅस खाली साचतो आणि त्याला बाहेर पडायला तळाशीच वाट लागते. सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडीने कधीही नाही.

विजेच्या तक्रारींत वायरमनला सर्वाधिक वेळा सापडतो तो अर्थिंगचा दोष. डावा इंडिकेटर लावल्यावर मागचे सगळेच दिवे मंद लुकलुकू लागले, तर बल्बना दोष न देता मोटारीच्या बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब वायर आणून दिव्याच्या बॉडीला टेकवून पाहावी. दिवा लख्ख झाला तर मूळ अर्थिंगची जोडणी गंजली आहे हे निश्चित, आणि ती घासून, घट्ट करून, वर व्हॅसलिन लावले की काम होते. आतील दिव्यांना वीज पुरवणाऱ्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीची स्थिती मल्टीमीटरने कळते. काही तास भार न टाकता ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. ती वारंवार त्याखाली उतरू दिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. बाहेरून २३० व्होल्टची जोडणी घेताना मध्ये अर्थ लीकेज ब्रेकर असावाच, कारण ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाने धातूच्या दाराला हात लावणे ही कॅरव्हॅनमधील रोजची घटना आहे.

पाण्याच्या पंपाने नळ बंद असतानाही दर थोड्या वेळाने क्षणभर घरघरावे, हे बारीक गळतीचे किंवा पंपातील झडप खराब झाल्याचे लक्षण. वापरलेले पाणी व मैला यांच्या टाक्या खाडीत किंवा नाल्यात न सोडता सेप्टिक टँकमध्येच रिकाम्या कराव्यात.

फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू असल्याने घोडबंदरचा वळसा वाचतो, पण ट्रेलरला प्रवेश आहे का हे आधी विचारावे, आणि ओहोटीच्या वेळी जेट्टीच्या उतारावर ट्रेलरचा मागचा लांब भाग घासण्याची शक्यताही धरावी. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या प्रवासाला त्यापेक्षा महामार्गच बरा. विरार फाट्यावरून उत्तरेकडे निघून २०-२५ किलोमीटरवर, रस्त्यापासून बाजूला सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि हाताचा पालथा पंजा एकेका हबजवळ नेऊन पाहावा. सगळे हब सारखेच कोमट असतील तर ठीक. एखादा चटका देत असेल तर बेअरिंग अति घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. चाके उतरवून बसवलेली असतील तर मनोर येण्याआधीच्या या थांब्यावर नट पुन्हा पान्याने आवळून घ्यावेत, आणि पुढच्या ५० किलोमीटरनंतर आणखी एकदा.