मदतीचे पहिले दार
कुंभकोणम परिसरातील मराठीभाषक कुटुंबांसाठी आरोग्य व सामाजिक साहाय्याची माहिती

घरातील एक माणूस अंथरुणाला खिळला की प्रश्न केवळ औषधाचा राहत नाही. कमावत्याची रोजी बुडते, रुग्णाजवळ थांबण्यासाठी दुसऱ्याला काम सोडावे लागते, शिधा संपत येतो, मुलांची शाळा चुकते. यांपैकी बहुतेक अडचणींसाठी शासकीय साहाय्याची सोय आहे. परंतु या सोयी निरनिराळ्या विभागांकडे असल्याने कोणाकडे जावे हे ऐन वेळी कळत नाही. मग उपचार लांबतात, कर्ज काढले जाते आणि साधा आजार गंभीर होतो. म्हणून कोणते दार प्रथम ठोठवावे हे निरोगी असतानाच जाणून घेणे आवश्यक आहे.

हे पत्रक कोणासाठी?

तंजावर जिल्ह्यात मराठी बोलणारी जुनी घराणी आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केले, तेव्हापासून ती येथे नांदत आहेत. घरात मराठी आणि बाहेर तमिळ, असा त्यांचा व्यवहार आहे. या कुटुंबांकडे कागदपत्रे असतात, परंतु मुले नोकरीसाठी दूर गेल्याने काही घरांत वृद्धच एकटे राहतात. दुसरी कुटुंबे अलीकडच्या पिढ्यांत आलेली आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतून सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त अनेक जण तमिळनाडूतील शहरांत स्थिरावले. त्यांच्यापैकी काहींची शिधापत्रिका गावी असते आणि नवीन आलेल्यांना तमिळ बोलता येत नाही. दोन्ही प्रकारच्या कुटुंबांनी पुढील माहिती लक्षपूर्वक वाचावी.

मदत मागण्यात कमीपणा नाही. याच भूमीत तंजावरच्या भोसले राजांनी वाटसरूंसाठी छत्रे बांधली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये कंपनी सरकारच्या रेसिडेंटला या छत्रांचा वृत्तांत कळविला होता. तेथे अन्नाबरोबर आजाऱ्यास औषध मिळे, गर्भवतीची काळजी घेतली जाई आणि अनाथ बालकांना दूध दिले जाई. एका दारी आलेल्या माणसाच्या सर्व गरजा पाहाव्यात, ही त्यामागची रीत होती. आज तीच कामे निरनिराळ्या खात्यांत विभागली आहेत, आणि ती मिळणे हा नागरिकाचा अधिकार आहे.

पहिले दार: आपल्या भागातील परिचारिका

खेड्यात ग्राम आरोग्य परिचारिका व शहरात नगर आरोग्य परिचारिका, या आपल्याला सर्वांत जवळच्या शासकीय आरोग्य कर्मचारी होत. कुंभकोणम महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागाच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि भोवतालच्या गावांतील रहिवाशांनी गावच्या उपकेंद्रात जावे. परिचारिकेचे नाव, केंद्राची वेळ व दूरध्वनी क्रमांक घरात लिहून ठेवावा.

घरात लहान मूल किंवा गर्भवती असल्यास जवळची अंगणवाडी हेही तितकेच महत्त्वाचे ठिकाण आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची बालके, गर्भवती आणि स्तनदा माता यांना तेथून पूरक आहार मिळतो आणि बालकांच्या वाढीची नोंद ठेवली जाते.

परिचारिकेपाशी केवळ आजाराची नव्हे, तर घरातील इतर अडचणींचीही माहिती द्यावी. शिधापत्रिका किंवा निवृत्तिवेतन मंजूर करणे तिच्या हाती नसते, परंतु त्या भागात कोणते काम कोणत्या कार्यालयात होते हे सहसा तिला ठाऊक असते.

नियमित औषधे खंडित होऊ देऊ नयेत

समजा, एकट्या राहणाऱ्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. दुकान लांब आहे, हातात पैसे कमी आहेत आणि अंगात काही त्रासही नाही. म्हणून त्या महिनाभर गोळ्या घेत नाहीत. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही, परंतु आतून रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो आणि एखाद्या सकाळी पक्षाघाताचा झटका येतो. ज्या गोळ्या शासकीय केंद्रात विनामूल्य मिळाल्या असत्या, त्यांच्या अभावी एक माणूस कायमचा परावलंबी होतो.

हे टाळण्यासाठी तमिळनाडू शासनाने ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांना शोधत येणारी वैद्यकसेवा, ही योजना सुरू केली. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच औषधे, अंथरुणाला खिळलेल्यांना शुश्रूषा आणि गरजूंना व्यायामोपचार या योजनेतून मिळतात. आपले नाव नोंदले आहे काय, हे परिचारिकेस विचारावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी.

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसल्यास तत्काळ १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

गर्भवती व बाळंतीण

गर्भधारणा कळताच, पहिल्या बारा आठवड्यांच्या आत, परिचारिकेकडे नोंदणी करावी. या नोंदणीचा क्रमांक तमिळनाडूत पुढे बाळाच्या जन्मदाखल्यासाठीही लागतो. शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि भोजन विनामूल्य आहे. गरजू मातांना डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी प्रसूती साहाय्य योजनेत एकूण १८,००० रुपयांचा लाभ दिला जातो. त्यात पोषण आहाराचे संच अंतर्भूत आहेत. कुंभकोणम येथील शासकीय मुख्यालय रुग्णालयातून पुढे पाठविण्याची वेळ आल्यास तंजावरचे शासकीय राजा मिरासदार रुग्णालय माता व बालकांसाठी आहे. अंतर सुमारे ४० किलोमीटर असल्याने धोक्याची लक्षणे दिसताच निघावे. रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे आणि बाळाची हालचाल मंदावणे ही ती लक्षणे होत.

रुग्णालयाचा खर्च

वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेत नाव नोंदविता येते. ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून मान्यताप्राप्त रुग्णालयांत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तंजावर जिल्हाधिकारी कार्यालयातील नोंदणी केंद्रात जावे. महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड असल्यास तेही जवळ ठेवावे. योजनेशी जोडलेल्या परराज्यातील रुग्णालयांतही ते चालते. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील विमा कक्षात खात्री करून घ्यावी.

रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्यांसाठी डिसेंबर २०२१ पासून तमिळनाडूत पहिल्या ४८ तासांच्या उपचारांची निश्चित मर्यादेपर्यंत विनामूल्य सोय आहे. जखमी कोणत्या राज्याचा आहे, हे पाहिले जात नाही. जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्यावर स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, म्हणून साहाय्य करण्यास कचरू नये.

गलाईच्या कामात नायट्रिक ॲसिडचा धूर छातीत गेल्यास आरंभी केवळ खोकला येतो, परंतु काही तासांनी श्वास लागू शकतो. अशा कामगाराने बरे वाटते म्हणून घरी झोपून राहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात तपासून घ्यावे. ॲसिड त्वचेवर उडाल्यास वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे.

शिधा, आधार आणि मनःस्वास्थ्य

‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे महाराष्ट्रातील राष्ट्रीय अन्नसुरक्षा शिधापत्रिकेवर येथील शिधावाटप दुकानातही धान्य मिळू शकते. त्यासाठी पत्रिकेस आधार जोडलेला असावा. पत्रिका बदलून आणण्यासाठी गावी जाण्याची आवश्यकता नाही.

निराधार वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांच्या निवृत्तिवेतनासाठी इ-सेवै केंद्रातून अर्ज करावा. पुढील निर्णय महसूल विभाग घेतो. क्षयरोगाच्या रुग्णास उपचार विनामूल्य असून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा केले जातात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास तपासणी करावी.

झोप न लागणे, सतत उदास वाटणे, जीव नकोसा होणे हेही आजारच आहेत. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते आणि तेथे मराठीत बोलण्याचीही सोय आहे.

एक पिशवी तयार ठेवावी

आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, विमा कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जुन्या चिठ्ठ्या व तपासणीचे अहवाल आणि चालू औषधांची यादी एकाच पिशवीत ठेवावी. प्रत्येकाची एक छायाप्रत त्यात असावी. पिशवी कोठे आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे. दूर राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांच्या कागदांची छायाचित्रे स्वतःजवळ ठेवावीत आणि एका विश्वासू शेजाऱ्याचा क्रमांक नोंदवून घ्यावा. लाभ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थास पैसे देऊ नयेत. मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये.

तमिळ येत नसल्यास

पुढील शब्द पाठ करावेत: अरसु मरुत्तुवमनै (सरकारी रुग्णालय), सेविलियर (परिचारिका), मात्तिरै (गोळी), काय्च्चल (ताप), नेंजु वलि (छातीत कळ), मूच्चुत् तिणरल (श्वास लागणे), कर्प्पिणि (गर्भवती), उदवि वेण्डुम् (मदत हवी). शेजारी तमिळ व मराठी दोन्ही जाणणारे जुने कुटुंब असल्यास त्यांनी नवीन आलेल्यांसोबत एकदा आरोग्य केंद्रापर्यंत जावे. दोन भाषा जाणणारा शेजारी सोबत असला की रुग्णाचे निम्मे भय कमी होते.

दाद न लागल्यास

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. काम अडल्यास मुख्यमंत्री साहाय्य क्रमांक ११०० वर तक्रार नोंदवावी किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात सोमवारी भरणाऱ्या तक्रार निवारण दिवशी लेखी निवेदन द्यावे. विनामूल्य कायदेविषयक साहाय्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना हे साहाय्य उत्पन्नाची अट न लावता मिळते.

लक्षात ठेवावयाचे क्रमांक

रुग्णवाहिका: १०८
आरोग्यविषयक सल्ला: १०४
सर्व प्रकारची आपत्कालीन मदत: ११२
संकटातील स्त्रिया: १८१
संकटातील बालके: १०९८
ज्येष्ठ नागरिक: १४५६७
मनःस्वास्थ्य: १४४१६

हे पत्रक घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे. ज्या शेजाऱ्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावे. या आठवड्यात एकदा आपल्या भागातील आरोग्य केंद्रात जाऊन परिचारिकेशी ओळख करून घ्यावी.