व्हिएतनाम: कागद कोणाचे, आवाज कोणाचा?

१९७३ साली दलित पँथरचा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्यात व्हिएतनामचा उल्लेख होता. भातखाचरात राबणारा माणूस जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेशी झुंजतो आहे, एवढी गोष्ट त्या पिढीला पुरेशी होती. त्या माणसाची भाषा कोणती, लिपी कोणती, त्याचा हजार वर्षांचा इतिहास कोणी लिहिला, हे जाणून घेण्याची साधने मात्र हाताशी नव्हती. आज ती आहेत. ज्या कागदांसाठी पॅरिसला किंवा हनोईला जावे लागे, ते इंटरनेटवर विनामूल्य उघडतात. पण साधने मिळाली म्हणजे इतिहास मिळाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कागद कोणी लिहिला, कोणी जपला आणि त्यात कोणाला बोलू दिले नाही, हा प्रश्न आपण आपल्या इतिहासाला विचारत आलो. तोच तेथेही विचारला पाहिजे.

पहिला थर दरबाराचा. शतकानुशतके तेथील राज्यकारभार आणि इतिहासलेखन चिनी लिपीत व अभिजात चिनी भाषेत चाले. सरकारी पदासाठी त्याच विद्येची परीक्षा द्यावी लागे; शेवटची परीक्षा १९१९ साली झाली. सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला या परीक्षेचे दार तत्त्वतः उघडे होते. स्त्रियांना ते बंद होते, आणि गाणे-नाटक करणाऱ्यांच्या मुलांनाही. सतराव्या शतकातील दाओ जुई तु हा बुद्धिमान माणूस कलावंताचा मुलगा म्हणून परीक्षेबाहेर राहिला. तो दक्षिणेत गेला, तेथील सत्ताधीशांचा सल्लागार झाला आणि उत्तरेचे सैन्य अडविणाऱ्या तटबंदीचा शिल्पकार ठरला. तमासगिराच्या पोराची ही कथा आपल्याला परकी वाटू नये.

लोकांची बोली लिहिण्यासाठी चिनी अक्षरांच्या धर्तीवर ‘नोम’ लिपी घडविली गेली. गुयेन जु याचे ‘किएउची कथा’ हे काव्य आणि हो स्वान हुआँग या कवयित्रीच्या धीट कविता याच लिपीतल्या. पण नोम वाचायला आधी चिनी अक्षरे यावी लागत. बोली लोकांची, अक्षर मात्र मूठभरांचे! पुढे जेझुइट धर्मप्रचारकांनी बनविलेली रोमन लिपी रुळली. त्या लिपीतला शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला होता. सप्टेंबर १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर होताच नव्या सरकारने याच लिपीतून साक्षरतेची मोहीम उघडली. शेतकरी वाचू लागला. परंतु त्याच्या पूर्वजांचे ग्रंथ त्यालाच अनोळखी झाले. १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या नोम संरक्षण प्रतिष्ठानाने हनोईच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील जुन्या पोथ्यांची पानेच्या पाने टिपून इंटरनेटवर आणली. २०१८ मध्ये प्रतिष्ठानाचे काम थांबले, तरी त्या कामाने घातलेला पाया मोलाचा आहे.

दुसरा थर राज्यकर्त्यांचा. फ्रेंचांची पूर्वाशियाई संशोधनसंस्था १९०० च्या सुमारास उभी राहिली. १९०१ पासूनची तिची संशोधनपत्रिका ‘पेर्से’ या संकेतस्थळावर वाचता येते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’वर वसाहतकाळातील पुस्तके, नकाशे व वृत्तपत्रे आहेत. ही विद्वत्ता खरी आहे. ती ज्या सत्तेच्या छायेत वाढली, ती सत्ताही तितकीच खरी आहे. म्हणून तिच्याशेजारी हो चि मिन्ह यांचे लेखन ठेवावे. ‘मार्क्सिस्ट्स इंटरनेट अर्काइव्ह’वर त्यातले बरेच मिळते. अमेरिकेत जमाव काळ्या माणसांना जिवंत जाळतो, फासावर लटकवतो, याविषयी त्यांनी १९२४ सालीच लिहिले होते. पँथरच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षे!

येथे भारतीय वाचकाने स्वतःलाही तपासावे. मध्य व्हिएतनाममधील चंपा राज्याचे संस्कृत शिलालेख शोधायला गेलो की रमेशचंद्र मजुमदार यांचा १९२७ चा ग्रंथ हाती येतो. त्याच्या नावातच ‘प्राचीन भारतीय वसाहती’ आहेत. वसाहतीचा हा अभिमान कशासाठी? त्या लेखांत राजाची स्तुती आहे, देवाला दिलेली शेते आहेत आणि शेतांबरोबर दान केलेले दासही आहेत. त्या दासांच्या बाजूने लेख वाचणारा कोणी हवा. तो आपल्यातून का निघू नये? ८७५ साली दुसऱ्या इंद्रवर्म्याने डाँग जुआँग येथे बौद्ध विहार उभारला, हेही त्याच शिलालेखांतून कळते. चाम लोक आज व्हिएतनामच्या ५४ मान्यताप्राप्त जनसमूहांपैकी एक आहेत. राष्ट्राचा इतिहास वाचताना तेही विसरू नये.

तिसरा थर युद्धाचा. टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम संग्रहात लाखो पाने आहेत. अमेरिकी सरकारची गुप्त कागदपत्रे, म्हणजे ‘पेंटॅगॉन पेपर्स’, १९७१ मध्ये फुटली आणि २०११ मध्ये तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने संपूर्ण खुली केली. पण या ढिगात सर्वांत मोलाचे काय असेल, तर मेलेल्यांच्या खिशांतून व पिशव्यांतून काढलेल्या वह्या. डांग थुई चाम ही हनोईची तरुण डॉक्टर. दक्षिणेतील जंगलात जखमींवर उपचार करताना जून १९७० मध्ये ती मारली गेली. तिची रोजनिशी जाळायला निघालेल्या अमेरिकी सैनिकाला त्याच्या व्हिएतनामी दुभाष्याने थांबविले. पस्तीस वर्षांनी, २००५ मध्ये, ती तिच्या आईपर्यंत पोचली आणि हनोईत छापली गेली. मूळ वह्या टेक्सासच्याच संग्रहात आहेत. मेलेली लेक व्हिएतनामची, वही अमेरिकेत. कागद कोणाच्या हाती राहतात, ते यावरून समजावे.

शोध घेताना नावे व्हिएतनामी रोमन लिपीत, स्वरचिन्हांसह लिहावीत; इंग्रजीतून शोधले तर बहुतेक अमेरिकेचेच युद्ध पुढे येते. आणि प्रत्येक पानापुढे तीन प्रश्न ठेवावेत: हे कोणी लिहिले? कोणी जपले? कोण गप्प आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर तयार मिळत नाही. ते शोधणाऱ्यालाच लिहावे लागते.