जुन्या ॲस्टरिस्कची मुदत संपली. आपले एक्स्चेंज तपासून घ्या

पेढीवर आलेला फोन कधी गोदामाकडे, कधी हिशेबनिसाकडे, तर कधी मालकाकडे वळवावा लागतो. पूर्वी त्यासाठी ईपीएबीएक्सचे स्वतंत्र यंत्र घ्यावे लागे. आता हे काम साधा संगणकही करतो आणि अशा संगणकात पुष्कळदा ‘ॲस्टरिस्क’ नावाचे सॉफ्टवेअर असते. बसवणारा कारागीर ‘एक्स्चेंज बसवले’ एवढेच सांगून जातो. त्यामुळे मालकाला हे नाव ठाऊक नसते, मग त्याची मुदत कोठून ठाऊक असणार? म्हणून आमच्या व्यापारी व कारखानदार बंधूंसाठी ही माहिती देत आहोत.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ साली हे सॉफ्टवेअर लिहिले. त्याचा संगणक-सेवेचा लहान धंदा होता. तयार एक्स्चेंज घेण्याइतके भांडवल नव्हते, म्हणून त्याने ते स्वतःच तयार केले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. पुढे त्याची कंपनी डिजियम या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१८ मध्ये ती कॅनडाच्या सांगोमा कंपनीने विकत घेतली. ॲस्टरिस्क मात्र आजही खुलेच आहे.

फुकट मिळणाऱ्या वस्तूलाही मुदत असते. ॲस्टरिस्कच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला चार वर्षे सर्व दुरुस्त्या मिळतात, पाचव्या वर्षी केवळ सुरक्षेच्या. त्यानंतर दोष सापडला तरी त्या आवृत्तीसाठी दुरुस्ती निघत नाही. १३वी आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये, १६वी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि १८वी ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. २०व्या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत आणि २२व्या आवृत्तीची ऑक्टोबर २०२९ पर्यंत जाहीर झाली आहे. यात फसवणूक नाही. प्रत्येक जुनी आवृत्ती सांभाळत बसले तर नव्या कामाला माणसे उरत नाहीत, आणि तारीख तर आधीच सांगितलेली असते.

मुदत संपली म्हणून फोन बंद पडत नाही. गाफीलपणा येतो तो येथेच. इंटरनेटवर उघडी एक्स्चेंजे शोधत फिरणारे चोर असतात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ते आत शिरतात आणि परदेशातील महागड्या नंबरांवर तासन्‌तास फोन लावतात. त्या दरातील वाटा चोराला मिळतो, बिल मात्र एक्स्चेंजच्या मालकाच्या नावावर येते. जाहीर झालेला पण न बुजवलेला दोष म्हणजे अशा चोरासाठी उघडे दारच. मात्र सोपा पासवर्ड ठेवला तर नवी आवृत्तीही वाचवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बदल करताना एक अडचण येते. फोन जोडण्याचा ‘चॅन-सिप’ हा जुना भाग २०२३ च्या २१व्या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. त्याची जागा ‘पीजेसिप’ने घेतली आहे. त्यामुळे जुन्या सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलून नव्या आवृत्तीत चालत नाही. ती बदलून देणारी एक छोटी आज्ञावली ॲस्टरिस्कसोबत मिळते, पण तिचे काम नजरेखालून घातल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

तेव्हा कारागिराला बोलावून आवृत्ती कोणती ते प्रथम विचारा. सेटिंगची प्रत वेगळी काढून ठेवायला सांगा. नवी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर चालवून पाहा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदल करा आणि जुना संगणक काही दिवस इंटरनेटपासून तोडून, पण हाताशी ठेवा. परदेशी फोनची गरज नसेल तर टेलिफोन कंपनीकडून ती सोय बंद करून घ्या. देखभालीच्या वार्षिक करारात आवृत्ती कोण व केव्हा बदलणार, हे लेखी असू द्या.

सॉफ्टवेअरला पैसे पडले नाहीत, हे खरे. पण त्याच्या राखणीचा खर्च दरवर्षीच्या हिशेबात धरलाच पाहिजे. एका रात्रीच्या चोरीचे बिल त्याहून कितीतरी जड जाते.