इंजिनाचीही चौकशी व्हावी

चौकशीवाचून कोणाही कामगारास दोषी धरू नये, हे सांगण्यात आमच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. आज तीच मागणी एका जुन्या मोटारीच्या इंजिनासाठी करावयाची आहे.

पूर्वी कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ साली निवृत्त झाली. आमच्या खापरात मात्र एक अजून चालते. मोलगीकडे जाताना देवगोई घाटात तिला दम लागू लागला. मालक म्हणाले, ‘ड्रायव्हरने ऑइल पाहिले नाही, रिंगा गेल्या. खर्च त्याच्या पगारातून कापू.’ ड्रायव्हर आमच्याकडे आला. आम्ही म्हटले, आधी मोजून पाहू.

इंधन आणि हवा यांचे मिश्रण आधी दाबावयाचे, मग पेटवावयाचे, हे ऑटो या जर्मन गृहस्थाच्या १८७६ सालच्या इंजिनाचे मर्म. दाब निसटला की शक्ती गेली. निसटण्याच्या मुख्य वाटा तीन : पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट.

तपासणी अशी करावी. टॅपेटची फट आधी पाहावी. ती फार कमी असली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. इंजिन गरम करून बंद करावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इग्निशनची जोडणी सोडवून चारही प्लग काढावेत. प्लगच्या भोकात दाबमापक बसवावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि काटा स्थिर होईपर्यंत सेल्फ मारावा. ॲक्सिलरेटर दाबला नाही, किंवा बॅटरी उतरलेली असली, तर आकडा खोटा कमी येतो आणि निर्दोषावर आळ येतो.

चारही आकडे लिहून घ्यावेत. कमी पडलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला चढला तर दोष रिंगांचा किंवा झिजलेल्या सिलिंडरचा, कारण ऑइलने ती फट घटकाभर बुजते. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असले, तर त्यांच्यामधल्या गॅस्केटचा संशय धरावा.

आमच्या गाडीत पहिल्या व चौथ्या सिलिंडरात चौरस इंचास १२० पौंडांच्या आसपास दाब मिळाला, मधल्या दोहोंत ६०. ऑइल सोडूनही काटा चढला नाही. हेड उघडले तो त्या दोहोंमधले गॅस्केट जळालेले! रिंगा शाबूत होत्या.

आता खरे तेही सांगतो. पाणी तापल्याचे दिसत असता ड्रायव्हरने एकदा गाडी तशीच हाकली होती. ते त्याने कबूल केले. रेडिएटरमध्ये गाळ साचला होता. तो काढण्याचे पैसे मालकांनी टाळले होते, हे त्यांनीही नाकारले नाही. नवे गॅस्केट बसले, हेड सपाट आहे का ते पट्टी लावून पाहिले, रेडिएटर साफ झाला. पगार कापला गेला नाही.

अर्ध्या तासाची मोजणी केली नसती तर चांगल्या रिंगा बदलल्या गेल्या असत्या आणि एका घरची चूल महिनाभर अडली असती.